फटाके, ढोल आणि नखं : घाबरट कुत्रीला सांभाळायचं कसं?

बुंदीची_आई | १२ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

बुंदी आमची गावठी कुत्री. वय अंदाजे अडीच. गेल्या जुलैत सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजत बसली होती, ती वर आली ती आलीच. स्वभावानं गरीब. पण आवाज झाला की संपलं.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, नदीपात्र जवळच. ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी खिडकीच्या काचा थरथरतात. गेल्या वर्षी ती नवीन होती, आम्हाला वाटलं घराला बुजलीये. खरं काय ते दिवाळीत कळलं. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ही बाथरूममध्ये शिरली, कमोडच्या मागच्या सांदीत. लाळेच्या तारा गळत होत्या आणि अंग असं कापत होतं की शेजारच्या बादलीची कडी वाजत होती. आवाज कमी येईल म्हणून मी बाहेरून दार लावून घेतलं, तर तिनं चौकट कुरतडली. ओठ फाटला. दातांच्या खुणा अजून आहेत चौकटीवर.

तेव्हापासून वाढतच चाललंय. आधी फक्त फटाके, मग ढगांचा गडगडाट, मग कुकरची शिट्टी. आता तर शिट्टी व्हायचीही वाट बघत नाही, मी झाकण लावलं की उठून जाते.

दुसरी गोष्ट हात लावण्याची. पाठ, छाती, शेपटीच्या वरचा भाग खाजवलेला आवडतो. पंजाला किंवा कानाला हात गेला की अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. नखं इतकी वाढलीत की फरशीवर टकटक वाजतात. दोन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात नेलं. तिथं चौघांनी दाबून धरलं, तोंड पट्टीनं बांधलं. तिला जागेवरच शी झाली. तीनच नखं कापली गेली आणि आता ती गाडीतही बसत नाही.

सासूबाई म्हणतात, "सवय होईल गं, तू जवळ घेतेस म्हणून लाडावते." नवरा म्हणतो गोळी देऊ. मला काहीच कळत नाहीये. पुढच्या महिन्यात ढोल सुरू होतील. कुणी यातून गेलंय का?

रांगडा_गडी | १३ जून, सकाळी ७:४२

सासूबाईंचं बरोबर आहे ताई. आमच्या वाड्यात वाघ्या होता. पहिल्या दिवाळीत असाच करायचा. वडिलांनी त्याला गच्चीवर बांधला, फटाके दिसू दे, ऐकू दे. दोन वर्षांत गप्प झाला. हल्ली कुत्र्यांना पोरांसारखं वाढवतात, मग ती पोरांसारखीच रडतात.

कैरीपन्हं | १३ जून, दुपारी १:१५

रांगडे दादा, राग नको, पण गप्प झाला म्हणजे भीती गेली असं नसतं. पळायला जागा नाही, ओरडून उपयोग नाही, हे कळल्यावर कुत्रं थिजून बसतं आणि आपण म्हणतो शहाणं झालं. मी डोंबिवलीत बारा वर्षं घाबरलेली कुत्री तात्पुरती सांभाळते, असे 'शहाणे' झालेले बरेच पाहिलेत. त्यातला एक असाच गच्चीवर बांधलेला होता. मुलाने हातातला फुगा फोडला आणि याने मुलाचा हात फोडला. आधी गुरगुरलाही नव्हता, कारण गुरगुरण्यावर मार खाऊन झाला होता.

बुंदीची आई, तुम्ही लिहिलंय तेच पाहा की. फटाके, मग गडगडाट, मग शिट्टी, मग नुसतं झाकण. सवय व्हायची असती तर यादी आखूड झाली असती.

जवळ घेण्याबद्दल निर्धास्त राहा. बसल्यावर बिस्कीट दिलं तर बसणं वाढतं, पण भीती ही काही ती बक्षिसासाठी करत नाही. तिची ती येऊन चिकटली तर हात ठेवा, हळूहळू थोपटा. मात्र लपली असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका.

आता काय करायचं. सगळ्यात आधी बाथरूम. ती जागा तिनं स्वतः निवडलीय आणि निवड चांगली आहे. खिडकी लहान, बाहेरच्या भिंतीपासून आत. तिथं जुनी गोधडी टाका, दार उघडं अडकवून ठेवा. चौकट तिनं आवाजाने नाही, कोंडली गेल्यामुळे कुरतडली. बाहेर कूलर किंवा टेबल फॅन मोठ्यावर लावला की बारीकसारीक आवाज त्यात विरतात. ढोलाचा घुमणारा आवाज विरत नाही, तो भिंतीतून येतोच, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

दुसरं, आवाज आला की चिकन. साधं वाटतं, पण क्रम चुकतो तिथं सगळं फसतं. आधी आवाज, लगेच तुकडा. उलटं केलंत, म्हणजे आधी चिकन हुंगवून मग आवाज लावलात, तर ती चिकनलाच घाबरायला लागेल. माझ्याकडच्या एकीनं उकडलेल्या चिकनचा वास आला की पलंगाखाली जायला सुरुवात केली होती, कारण मी चार दिवस हाच गाढवपणा केला.

रोजच्या सरावाला ढोलाचं रेकॉर्डिंग घ्या. मोबाइलवर नाही, त्याच्या स्पीकरमधून ढोलाचा ठेका येतो पण घुम येत नाही आणि ती घाबरते घुमेलाच. बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर लागेल. आवाज इतका कमी की तिचा नुसता कान हलला पाहिजे. चार-पाच सेकंद आवाज, तुकडा, आवाज बंद, तुकडे बंद. पाच मिनिटांत आवरा. तिनं जीभ नाकावर फिरवली, उगीच जांभई दिली, खाताना बोटाला दात लागायला लागले, किंवा तुकडा घेतलाच नाही, तर आवाज जास्त झाला. नेहमी खाणारं कुत्रं चिकन नाकारतं तेव्हा ते शिकायच्या मनःस्थितीत नसतं. दुसऱ्या दिवशी कमी करा. वाढवायची घाई करू नका. माझ्या अनुभवात आवाजाची एक पायरी चढायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे.

आणि कुकर! तिथं तर तुमच्या हातात सगळं आहे. सध्या डाळ-भात ती फिरायला गेल्यावर लावा. दरम्यान, गॅस बंद, कुकर रिकामा, नुसतं झाकण उचलून ओट्यावर ठेवायचं आणि तुकडा टाकायचा. दिवसातून चार-पाचदा. मग झाकण लावायचं. मग शिट्टी हातात घेऊन टिचकी मारायची. खरी शिट्टी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा ती दुसऱ्या खोलीत.

आगरातला | १३ जून, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडे रत्नागिरीत फटाके दिवाळीपुरते नाहीत. माकडं बागेत आली की शेजारी बार काढतो, दिवसातून कितीही वेळा. आमचा काळू वळवाच्या पावसालाही आधीच ओळखतो, आम्हाला ढग दिसायच्या आत माजघरातल्या भाताच्या कणगीमागे. त्याला कुठं रेकॉर्डिंग लावू? बार कधी होईल याचा नेम नाही.

कैरीपन्हं | १३ जून, रात्री ९:०५

आगरातले, खिशात डबी ठेवा. बार झाला की काही न बोलता डबी उघडायची आणि चार तुकडे अंगणात उधळायचे. बार झाला की दरवेळी. शेजाऱ्याचा नेम नाही, पण तुमचा असू द्या. सुक्या बोंबलाचे तुकडे चालतील, मीठ लावलेले नकोत.

टाके_दोन | १४ जून, रात्री १२:२०

मी पशुवैद्य आहे, नाशिकला. वर कैरीपन्हंनी लिहिलेलं योग्य आहे. मला फक्त दोन ठिकाणी थांबायचंय.

एक, दुखणं. पंजा आणि कान या दोनच जागी ती ताठते, पाठीला चालतं, असं तुम्ही लिहिलंत. मग कान आतून पाहिलाय का कुणी? स्कूटरखाली भिजत सापडलेली कुत्री आहे. कानात यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, संसर्ग असेल तर तो महिनोनमहिने राहतो, आंबूस वास येतो, कुत्रं डोकं झटकतं. दुखऱ्या कानाला हात लावू न देणं हा स्वभाव नाही. आवाजाच्या भीतीतही दुखण्याचा हात असतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, दहा दुखणं असलेली आणि दहा नसलेली. सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं असलेल्यांची भीती बाकीच्यांपेक्षा मोठ्या वयात सुरू झाली होती. आवाजाने दचकलं की अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते, आणि कुत्र्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ बसते. २० हा आकडा लहान आहे, पण माझ्या टेबलावर रोज दिसतं ते याच्याशी जुळतं. म्हणून सरावाआधी तपासणी.

दोन, गोळ्या. नवऱ्याचं म्हणणं उडवून लावू नका. बाथरूमची चौकट फोडून ओठ फाडून घेणारी कुत्री ही औषधाचीच केस आहे. पण कुठली गोळी हे महत्त्वाचं. एसेप्रोमाझिन पूर्वी सर्रास दिली जायची, अजूनही मेडिकलवाले काढून देतात. त्यानं अंग ढिलं पडतं, भीती कमी होत नाही. कुत्रं हलत नाही म्हणून आपल्याला बरं वाटतं, आत ते तितकंच घाबरलेलं असतं, कधी कधी दचकणं वाढतंसुद्धा. फटाक्यांसाठी एकटी ही गोळी मी देत नाही. ट्राझोडोन, गाबापेंटिन यांसारखी औषधं आवाज सुरू व्हायच्या तास-दीड तास आधी देतात. भीती रोजचीच झाली असेल तर फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन रोज, पण त्यांचा असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे धनत्रयोदशीला दवाखान्यात येऊन काही होत नाही. दरवर्षी येतात, दरवर्षी सांगतो.

मात्रा इथं विचारू नका, मी देणार नाही. वजन, यकृत, मूत्रपिंड, बाकीची औषधं, सगळं पाहावं लागतं. औषध कुठलंही असो, पहिली गोळी एखाद्या शांत रविवारी देऊन बघायची, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही. घरातल्या माणसांच्या औषधातलं काही देऊ नका. माणसांच्या काही सिरपांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विष आहे. काही कंपन्यांच्या पीनट बटरमध्येही असतो, लेबल वाचा.

कानात कापसाचे बोळे घालू नका. आत काही असेल तर आणखी बिघडेल.

गारवेल | १४ जून, सकाळी ८:५०

न्यू जर्सीहून. इथं आमची दिवाळी म्हणजे ४ जुलै, त्यामुळे तुमचा जून तोच माझाही जून. आमच्या लॅब्रॅडॉरला व्हेटनं डेक्समेडेटोमिडीनची जेल दिलीय, हिरडी आणि गालाच्या मध्ये लावायची असते. इथं तिला २०१५ मध्ये खास आवाजाच्या भीतीसाठी मंजुरी मिळाली. गिळली गेली तर नीट काम करत नाही, म्हणून नवरा तोंड धरतो आणि मी हातमोजे घालून लावते. अर्थात तोंडाला हात लावू देणारं कुत्रं हवं. बुंदीसाठी आत्ता हे नाही.

बर्न विद्यापीठाच्या स्टेफानी रीमर यांनी हजारावर कुत्रेमालकांना विचारून २०२० मध्ये एक पेपर लिहिला होता, कशाचा उपयोग झाला यावर. आवाज झाला की खाऊ-खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांवर लोकांनी फरक पडला म्हटलं, व्हेटनं दिलेल्या औषधांचंही जवळपास तितकंच. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटाचं ४४ टक्के. फेरोमोन (कुत्र्याला शांत करायचे गंध), जडीबुटी, होमिओपॅथी, फुलांचे अर्क हे सगळे तिशीच्या आसपास. तेव्हा त्या महागड्या जाकिटाआधी नवऱ्याचा जुना टी-शर्ट घालून पाहा.

कात्री_कंगवा | १४ जून, दुपारी ३:३०

कोल्हापुरातनं बोलते. माझं कुत्र्यांचं पार्लर आहे, म्हणजे नखं हा माझा प्रांत. चौघांनी धरून नखं कापणं मीही करायचे पहिली दोन वर्षं. पटकन होतं. पण पुढच्या वेळी पाच जण लागतात.

कान आणि पंजे आधी डॉक्टरांना दाखवा, ते वर आलंच. ते निस्तरलं की असं करा.

जमिनीवर बसा, सोफ्यावर वाकून नाही. तिच्या आवडत्या जागी, छातीला, तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत आली, नाक खुपसलं, तर होय. तिथंच थांबली, तोंड फिरवलं, तर नाही. नाही म्हणाली तर खरंच थांबा. पहिल्या आठवड्यात एवढंच. बायका मला म्हणतात, "अहो यात काय होतंय?" यात तिला कळतंय की तिचं नाही ऐकलं जातं.

मग तळहात पुढं धरायचा, तिनं त्यावर हनुवटी टेकवली की तुकडा. आधी क्षणभर, मग दोन सेकंद, मग पाच. हनुवटी टेकलीय तोवर दुसरा हात खांद्यावरून खाली सरकतो, कोपर, मनगट, पंजा. हनुवटी उचलली की हात जागच्या जागी मागं. कुत्र्यांचे प्रशिक्षक चिराग पटेल यांचा बकेट गेमही असाच आहे, त्यात खाऊची बादली समोर ठेवतात, कुत्रं बादलीकडं बघतंय तोवर काम चालू, नजर हटली की काम बंद. मला घरच्या लोकांसाठी हनुवटी सोपी वाटते, हात कायम जवळ असतो.

नखांसाठी खरी युक्ती सांगते, हिच्यात कात्रीच नाही. सुताराकडनं दीड-दोन फुटी फळी आणा, तिच्यावर खरखरीत पॉलिश पेपर डिंकानं चिकटवा. फळी तिरपी धरा, खाली खाऊ दाबा. ती पंजानं उकरणार. उकरलं की शाबासकी आणि तुकडा. चार दिवसांत ती फळी बघून आपणहून उकरते आणि पुढची नखं घासली जातात. गावठी कुत्र्यांना तर उकरायला शिकवावं लागत नाही. पंजाच्या गाद्यांकडं लक्ष ठेवा, लाल झाल्या तर दोन दिवस सुट्टी.

कात्रीची वेळ आली तर दिवसाला एक नख. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून तांदळाएवढं टोक, जास्त नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. वारंवार थोडं थोडं कापलं की शीरही मागं सरकत जाते.

दवाखान्यासाठी जाळीचं मझल (तोंडावर घालायचं मुसकं) शिकवून ठेवा. ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं असं. आत पनीर ठेवून, तिचं ती तोंड घालेल असं. पट्टी बांधलेलं तोंड मिटलेलं राहतं, घाबरलेल्या कुत्र्याला धापा टाकता आल्या नाहीत तर वाईट. आणि कुणाला दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. आपलीच कुत्री आहे, लस झालीय म्हणून घरी बसायचं नाही.

बुंदीची_आई | १९ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, गायब झाले होते, माफी.

टाके_दोन, तुमच्या पाया पडायचं बाकी आहे. कान! दोन्ही कानात संसर्ग, डावा जास्त. नवीन डॉक्टर शोधल्या. त्यांनी आम्हाला शेवटची वेळ दिली, दवाखाना रिकामा असताना. बुंदी गाडीत चढेना म्हणून चालत गेलो, पाऊण तास. डॉक्टर टेबलाकडे गेल्याच नाहीत, फरशीवर पाठ करून बसल्या आणि खाऊ टाकत राहिल्या. पहिल्या दिवशी नुसता वास घेऊन म्हणाल्या, "यीस्ट असणार, पण आज पुरे." दुसऱ्या खेपेला घरून गोळी देऊन नेलं, तेव्हा कान आतून पाहिला, मळ काढून मायक्रोस्कोपखाली बघितला. थेंब तीन आठवडे चालले. त्या थेंबांसाठी हनुवटी शिकवायला लागली, नाहीतर मी ते काम पुढं ढकलत बसले असते. आता डोकं झटकत नाही. एवढे महिने ती कान दुखत असताना फटाके ऐकत होती, हे डोक्यातून जात नाहीये.

गोळीची गंमतच झाली. रविवारी तालीम म्हणून दिली तर मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले, भिंतीला टेकून उभी. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. लक्ष्मीपूजनाला पहिल्यांदा दिली असती तर मी बेशुद्ध पडले असते.

ढोल सुरू झालेत. संध्याकाळचं फिरणं बंद केलं, दुपारी चारला नेते. हार्नेस आणि गळपट्टा दोन्हीला दोरी, पट्ट्यावर फोन नंबर.

एक अडचण. श्रावण तोंडावर आला. सासूबाई माळकरी आहेत, एरवी गॅलरीत इंडक्शनवर तिचं चिकन शिजवू देतात, पण श्रावणात नाही म्हणजे नाही. मी त्यावर वाद घालणार नाहीये.

रांगडा_गडी | २० जुलै, सकाळी ८:००

पनीर द्या की. चीज द्या. आमची हल्लीची कुत्री उकडलेल्या रताळ्यावर जीव टाकते. (हो, वाचत होतो सगळं. हीही कानाला हात लावू देत नाही, उद्या दाखवतो.)

कैरीपन्हं | २० जुलै, सकाळी ११:३०

रताळं रोजच्या सरावाला, पनीर खऱ्या ढोलाला. भारी वस्तू अवघड वेळेसाठी राखून ठेवा.

खलबत्ता | २१ जुलै, दुपारी ४:४५

कायद्याचं दोन ओळीत: सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. तक्रार ११२ वर करता येते. पण अनुभव असा की पोलीस येईपर्यंत माळ संपलेली असते. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर आधी पोरांशी गोड बोलून बघा. आमच्याकडे पोरांनी सुतळी बॉम्ब मागच्या मैदानात न्यायचं कबूल केलं, बदल्यात मी त्यांना आमच्या कुत्र्याला 'पंजा दे' शिकवायला दिलं.

बुंदीची_आई | ८ सप्टेंबर, रात्री ९:१५

विसर्जन झालं. आमच्या रस्त्यावर शनिवारी दुपारपासून डीजे. गोळी अकराला दिली, तरी तीन ते सहा ती बाथरूममध्येच होती, कापत होती. पनीर घेतलं नाही. खोटं कशाला लिहू. पण लाळ नव्हती, आणि दार उघडं असल्यामुळे मधून मधून डोकं बाहेर काढून बघत होती. गेल्या दिवाळीत ती शुद्धीवरच नव्हती म्हणायची.

कुकरचं मात्र जमलंय. झाकण लावलं की ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते. शिट्टी झाली की उठून माझ्याकडे बघते, "कुठाय?" सासूबाई परवा म्हणाल्या, "आता डाळ तीन शिट्ट्या झाली तरी मला तिला चारदा द्यावं लागतं."

डॉक्टरांनी रोजचं औषधही सुरू केलंय, ऑगस्टच्या शेवटी. दिवाळीपर्यंत सात-आठ आठवडे मिळतील.

टाके_दोन | ८ सप्टेंबर, रात्री ११:५०

डीजेच्या दिवशी पनीर नाकारलं हे अपयश नाही. पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी शक्य असेल तर शहराबाहेर कुणाकडे तरी जा. रोजचं औषध अचानक बंद करू नका, बरं वाटलं तरी.

बुंदीची_आई | २५ ऑक्टोबर, दुपारी २:३०

दिवाळीचा वृत्तांत.

धनत्रयोदशीपासून पडदे, कूलर, बाथरूममध्ये गोधडी. खलबत्ता, तुमच्यासारखं पोरांशी बोललो. पाचपैकी तिघांनी ऐकलं.

नरकचतुर्दशीला साडेतीनला उठून गोळी दिली. पाच वाजता पहिला बॉम्ब. ती उठली, बाथरूमकडे गेली, पण दारात थांबली. मी अभ्यंगस्नानाच्या तयारीत होते, हात तेलानं माखलेले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता पदराच्या गाठीतून चीजचा तुकडा सोडला आणि जमिनीवर ठेवला. पदरात चीज कधीपासून बांधतायत, मला माहीत नव्हतं. बुंदीनं तो खाल्ला. दुसरा बॉम्ब, दुसरा तुकडा. तिसऱ्याला ती आत गेली, गोधडीवर बसली, कापत होती, पण चौथा तुकडा तिथं जाऊन दिला तर घेतला.

लक्ष्मीपूजनाची रात्र अवघड गेली. साडेआठ ते बारा आतच. चौकटीला दात लावला नाही. साडेबाराला बाहेर येऊन पाणी प्यायली, अख्खी वाटी, आणि खाली एक भुईनळा चालू असताना पंख्याखाली झोपली. पाडव्याला सकाळी फिरायला तयार नव्हती, गच्चीवरच नेऊन आणलं. दोन दिवसांनी पूर्ववत.

आता कात्री_कंगवा ताईंसाठी. पुढच्या दोन्ही पायांची नखं फळीवर झाली, फरशीवर आवाज येत नाही. फळी आणली की ती शेपूट हलवते, पॉलिश पेपर आत्तापर्यंत तीनदा बदलला. मागच्या पायांचं कसं करायचं? ती मागच्या पायांनी उकरतच नाही, फक्त शू केल्यावर माती उडवते. ते वापरून काही शिकवता येईल का?